निळ्या गल्लीतला तासभर अंधार

एप्रिलमध्ये अकोल्याला निघाले आहे असं सांगितल्यावर आमच्या पुण्यातल्या सोसायटीतल्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं ते थेट दयेनं. "अगं, डिसेंबरात जा की! हे काय वय आहे का भाजून घ्यायचं?" आता यांना कोण सांगणार, की पीएच.डी.ची तोंडी परीक्षा हवामान बघून ठेवत नाहीत. मी होते परीक्षक, बाहेरून बोलावलेली. परीक्षा अमरावतीच्या विद्यापीठात, आणि जिची परीक्षा ती मुलगी, प्रज्ञा, हिची प्रयोगशाळा अकोल्याच्या एका कॉलेजात.

अशा परीक्षेला परीक्षकानं कसं जायचं असतं हे ठरलेलं आहे. गार हॉलमध्ये बसायचं, चार प्रश्न विचारायचे, शाल आणि नारळ घ्यायचा, जेवायचं आणि परतीची गाडी पकडायची. मला सत्काराचा भयंकर तिटकारा आहे. घरी शालींनी भरलेलं एक आख्खं कपाट आहे आणि त्यातली एकही शाल ऊब देत नाही. शिवाय या वेळी मला एक शंका छळत होती. म्हणून मी प्रज्ञाच्या गाईडना, इंगळे सरांना, फोन करून सांगितलं, की मी आधी अकोल्याला उतरेन, लॅब बघेन, मग अमरावती.

"काऊन?" ते म्हणाले.

पुण्यात 'का' एवढा प्रश्न विचारायला माणूस आधी तीन वाक्यं प्रस्तावना करतो.

"लॅब पाहाले कोनी येत नाई मॅडम, म्हनून इचारलं," ते पुढे म्हणाले. "या ना. उन्हाचं या फक्त सांभाळून."

शंका होती ती प्रबंधाच्या चौथ्या अध्यायाबद्दल. ती समजावी म्हणून थोडं शास्त्र सांगावं लागेल, पण भिऊ नका, लवकर उरकते. आपल्या शरीरातल्या प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा एक पडदा असतो, दुधावरच्या सायीहून हजारो पट पातळ. तसाच पडदा प्रयोगशाळेत बनवता येतो. पाण्यात त्याचे इवलेसे गोल फुगे तयार होतात, सूक्ष्मदर्शकाखाली छान दिसतात. आता या पडद्यात उजेड ओळखणारे रेणू मिसळले, तर गंमत होते. एरवी हे रेणू सरळ उभे असतात. डोळ्यांना न दिसणारा अतिनील उजेड पडला की ते कमरेत वाकतात. रांगेत सगळे सरळ उभे असले की दाटीनं मावतात, आणि प्रत्येकानं कोपरं बाहेर काढली की रांग सैल पडते, तसंच होतं. पडदा मऊ पडतो, फुगा लुळा होऊन थरथरायला लागतो. मग निळा उजेड टाकायचा. रेणू पुन्हा सरळ, पडदा पुन्हा ताठ. उद्या अशा फुग्यात औषध भरून, हव्या त्या जागी उजेड टाकून ते सोडता येईल, या आशेवर आम्ही जगभरची माणसं अंधाऱ्या खोल्यांत बसून डोळे फोडत असतो.

अंधारात ठेवला तर लुळा पडलेला पडदा कित्येक तास तसाच लुळा राहतो. प्रज्ञाच्या हिवाळ्यातल्या प्रयोगांत तो तसाच राहिला होता. उन्हाळ्यातल्या, म्हणजे एप्रिलमधल्या प्रयोगांत मात्र काही मिनिटांत आपोआप ताठ झाला होता. तिनं निष्कर्ष काढला, की हा वऱ्हाडच्या उष्णतेचा परिणाम, आणि त्यावर चौथा अध्याय लिहिला. मी माझ्या लॅबमध्ये पडदा तिच्या उन्हाळ्याइतकाच तापवून पाहिला. काही म्हणजे काही झालं नाही. मग तिच्याकडे काय होत होतं?

अकोला

शेगावला डब्यात कचोरीवाले शिरले आणि सकाळ झाल्याचं कळलं. अकोल्याला उतरले तर दिवस नीट उगवलाही नव्हता आणि फलाट गरम होता. इंगळे सर, प्रज्ञा आणि तिचे वडील प्रल्हादभाऊ न्यायला आले होते. सरांची गाडी गॅरेजात अडकली होती, त्यामुळे प्रल्हादभाऊंचा टेम्पो. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. मागे दिव्यांच्या माळांचे ढीग आणि पुढे मी. सरांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मॅडम, हे खिशात ठेवा," प्रल्हादभाऊंनी मला एक कांदा दिला. "ऊन लागत नाई."

मी शास्त्रज्ञ आहे. तरी कांदा पर्समध्ये ठेवला. इथल्या उन्हाशी वाद घालायची माझी हिंमत नव्हती.

कॉलेजची मागची बाजू रेल्वेलाइनकडे आहे आणि रूळ व कॉलेज यांच्यामध्ये एक लांबट गल्ली. प्रज्ञाचं घर त्याच गल्लीत. गच्च्यांवर कुरडया वाळत होत्या, दारांसमोर पाणी मारलेलं होतं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत डोक्यावर माळाच माळा. जयंती दोन-तीन दिवसांवर आली होती. वऱ्हाडात एप्रिलमध्ये नुसतं जयंती म्हटलं की कुणाची हे कुणी विचारत नाही. छप्पन सालापासून ही गल्ली बौद्ध आहे आणि तेव्हापासून हाच तिचा सगळ्यात मोठा सण.

प्रज्ञाच्या घरून पाटवडीच्या रश्श्याचा वास येत होता. अहाहा! पण माझा एक नियम आहे, परीक्षा होईपर्यंत उमेदवाराच्या घरचं काही खायचं नाही. प्रज्ञाच्या आईला मी हे सांगितलं तेव्हा शेजारच्या ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या वच्छलाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बाप्पा! पाटवडी खाल्ल्यानं का पोरगी पास होते?"

"तसं नाही हो आजी, नियम आहे."

"मंग उपाशी राय," त्या म्हणाल्या आणि लसूण सोलायला लागल्या.

मी सरांसोबत बाहेर जाऊन भाकरी आणि डाळभाजी खाल्ली. चांगली होती. पण जीव त्या रश्श्यातच अडकला होता, खोटं कशाला बोलू.

जेवताना सरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. प्रज्ञाची बंगळुरूच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत निवड झाली होती. महिनाअखेर पदवीचं पत्र पोचलं तर जागा तिची, नाहीतर पुढच्या उमेदवाराची. "गल्लीतली पयली डॉक्टर होऊन राहिली पोट्टी," सर म्हणाले. "तुमी प्रबंध वापस केला, तर सहा महिने गेलेच समजा. मंग बंगलोर नाई अन् काई नाई."

हे आधी सांगायला नको होतं त्यांनी. प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात असं काचेचं भांडं देऊ नये.

प्रयोग संध्याकाळीच करायचा असतो, कारण दिवसा कुठून ना कुठून उजेड आत येतो. अंधार पडल्यावर सर, प्रज्ञा आणि मी लॅबमध्ये शिरलो. तांबडा झिरोचा बल्ब तेवढा चालू, कारण तांबड्या उजेडाला हे रेणू दाद देत नाहीत. खिडक्यांना काळा कागद चिकटवलेला. एका खिडकीत मात्र कूलर बसवला होता, वाळ्याच्या ताट्यांचा, घरघरत ओला वारा सोडणारा, आणि सूक्ष्मदर्शकाचं टेबल सरकवून थेट त्याच्यासमोर आणलेलं. पुण्यात आम्हाला कूलर म्हणजे काय ते माहीत नाही. इथं मार्च सरला की घरोघरी खिडकीची जागा कूलर घेतो.

प्रज्ञा बारीक चणीची, कमी बोलणारी मुलगी. पण सूक्ष्मदर्शकापाशी बसली की तिचे हात भराभर चालतात. एक मालगाडी धडधडत गेली. तिच्या हादऱ्यानं मॉनिटरवरचं चित्र नाचलं, ते थांबेपर्यंत ती शांत बसून राहिली. मग एक सुरेख गोल फुगा समोर आणला. अतिनील दिवा क्षणभर लावून बंद केला. फुगा लुळा पडला, ताटात काढलेल्या खरवसासारखा हलायला लागला.

आम्ही वाट बघत बसलो. फुगा तसाच हलत होता. बाहेर विहारात वंदना चालू होती, तिचे सूर कूलरच्या घरघरीतून अधूनमधून येत होते. वंदना संपली. गल्लीत पोरांचा एकदम गलका झाला. आणि थोड्याच वेळात फुग्याची थरथर कमी कमी होत गेली. तो गोल, घट्ट, ताठ होऊन बसला.

"पाहा मॅडम," प्रज्ञा हलकेच म्हणाली. "उन्हाळ्यात असंच होतं. जानेवारीत नाही होत."

मी तापमानाचा आकडा पाहिला. फुगा लुळा असताना होता तिथेच तो होता, तसूभरही हललेला नव्हता. घाम पुसायला रुमाल काढला. पांढरा रुमाल. तांबड्या बल्बखाली तो तांबूस दिसायला हवा होता. तो निळसर दिसत होता.

मी उठले आणि कूलरपाशी गेले. ओल्या ताट्यांच्या फटींतून गल्ली दिसत होती. वंदना संपली आणि माळा लागल्या होत्या. आख्खी गल्ली निळीशार!

माझ्या मागोमाग प्रज्ञा आली. तिनं फटीतून पाहिलं, मग टेबलाकडे पाहिलं, आणि मला काहीच बोलावं लागलं नाही. जन्मल्यापासून एप्रिलच्या संध्याकाळी तिच्या भोवतीची हवा निळीच असते. तो उजेड वेगळा म्हणून तिला कधी दिसलाच नव्हता. आणि हिवाळ्यात त्या खिडकीत कूलर नसतो, काळा कागद असतो.

"मॅडम," तिचं पुस्तकी मराठी गळून पडलं, "मंग माहा चवथा अध्याय गेला का?"

"अजून नाही. ही नुसती शंका आहे. तपासायला हवी."

ती काळं कापड घेऊन कूलर झाकायला धावली. मी थांबवलं. कूलर झाकला की खोली तापणार, मग उष्णताही बदलली आणि उजेडही. कशानं काय झालं हे कसं सांगणार? कूलर चालू ठेवून, बाकी सगळं तसंच ठेवून, फक्त दिवे बंद व्हायला हवे होते.

"जयंतीचे लाईट?" ती माझ्याकडे बघतच राहिली. "बंद करा म्हनू? मी? मॅडम, गल्ली सालभर वाट पाहते याची. मी नाई सांगू शकत."

शेवटी तिनं वडिलांना फोन लावला. अडखळत सगळं सांगितलं. मग प्रल्हादभाऊ एवढंच म्हणाले, "पाहतो."

आणि गल्ली विझली.

"काय झालं बाप्पा? ओ प्रल्हाद!" बाहेर एकच कल्ला.

"फ्यूज गेला!" प्रल्हादभाऊंचा आवाज आला. "दम धरा जरा, पाहून राहिलो ना!"

प्रज्ञानं फुगा पुन्हा लुळा केला. आम्ही बसलो. बाहेर वच्छलाबाई प्रल्हादभाऊंच्या कामाचा उद्धार करत होत्या. फुगा हलत होता. चांगला अर्धा तास गेला, तरी हलतच होता. मग माळा लागल्या, पोरांनी आरोळी ठोकली, आणि आमच्या डोळ्यांसमोर तो पुन्हा ताठ झाला.

प्रज्ञा टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली. तिच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला मला, फार वाटला. पण दुसऱ्या दिवशी मी तिची परीक्षक होते. "उद्या अमरावतीला भेटू," एवढंच बोलून मी निघाले. स्वतःचाच राग आला.

मुर्तिजापूरच्या वाटेवर

सकाळी सरांची गाडी गॅरेजातून सुटली होती. अकोला सोडलं की दोन्ही बाजूंना काळी माती, नांगरून उघडी टाकलेली, पार क्षितिजापर्यंत. आमच्याकडे नजर टाकावी तिथे डोंगर आडवा येतो, इथे नजरेला अडवणारं काही नाही. मध्येच एखादा कडुनिंब, त्याखाली पाणपोई आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले माठ. मुर्तिजापूरला चहासाठी थांबलो.

"मॅडम," सर बशीकडे बघत म्हणाले, "काल तुमी काई पाह्यलंच नाई, असं समजा ना."

मी खवळले. "सर, काय बोलताय तुम्ही? उद्या बंगळुरूला ती हाच प्रयोग करेल, तिथे पडदा ताठ होणार नाही, आणि तिला तोंड लपवायला जागा उरणार नाही! हे हवंय तुम्हाला?"

शेजारच्या बाकावरचे लोक वळून बघायला लागले. सरांनी मान खाली घातली.

"टेबल मीच तथी सरकवलं होतं," ते अगदी हळू म्हणाले. "पोट्टी घामानं भिजून जाये. मले वाटलं, जरा हवा लागन."

माझा राग कुठल्या कुठे गेला. चहाला मग फारशी चव राहिली नाही. पुढे बडनेऱ्यापर्यंत आम्ही दोघं उन्हाबद्दल आणि संत्र्यांबद्दल बोललो, म्हणजे काहीच बोललो नाही. प्रज्ञानं रात्रीतून काय ठरवलं असेल ते सरांना ठाऊक नव्हतं. मलाही नाही.

अमरावती

परीक्षेचा हॉल गच्च भरला होता. गल्ली दोन जीपगाड्या करून आली होती. पांढऱ्या साड्यांतल्या बायका, इस्त्रीचे शर्ट घातलेले पुरुष, पेढ्यांचे खोके मांडीवर. पुण्यात तोंडी परीक्षेला चार-दोन विद्यार्थी येतात आणि तेही चहासाठी. पुढच्या रांगेत वच्छलाबाई. त्यांनी मला ओळख दाखवली नाही. पाटवडीचा राग गेला नव्हता.

प्रज्ञानं पहिले तीन अध्याय सुंदर मांडले. डोळे सुजलेले, पण आवाज स्वच्छ. चौथ्या अध्यायाचं चित्र पडद्यावर आलं आणि ती थांबली. सरांनी डोळे मिटून घेतले.

"हा अध्याय चुकीचा आहे," ती म्हणाली. "पडदा उष्णतेनं ताठ होत नाही. आमच्या गल्लीतल्या जयंतीच्या लाईटांनी होतो. हे मला काल कळलं."

आणि तिनं सगळं सांगितलं. कूलर, टेबल, रुमाल, आणि बाबांनी खोटं सांगितलेला फ्यूजही. अध्यक्षस्थानी बसलेले प्राध्यापक माझ्याकडे बघायला लागले. निर्णय माझा होता.

मी म्हटलं, की आपली चूक परीक्षकाच्या आधी स्वतः मांडणारा उमेदवार मी क्वचित पाहिला आहे. बाकीचा प्रबंध भक्कम आहे, पदवी द्यावी असं माझं मत आहे. पण एका संध्याकाळचा प्रयोग पुरेसा नाही. दिवे लावून आणि दिवे बंद करून, आठवडाभर रोज मोजणी करून, अध्याय नव्यानं लिहून दिल्याशिवाय मी अंतिम सही करणार नाही. जयंती उद्यावर आली होती. जयंतीच्या आठवड्यात गल्लीतले दिवे बंद करा, हे कुणी कुणाला सांगायचं? आणि तो आठवडा गेला, तर माळा उतरणार आणि महिनाही संपणार.

प्रज्ञाला ते लगेच कळलं. तिनं मान हलवली.

"उपस्थितांपैकी कुणाला काही प्रश्न?" अध्यक्षांनी रीतीप्रमाणे विचारलं. या प्रश्नावर कुणी उठत नसतं.

वच्छलाबाई उठल्या. आधी मागे वळल्या.

"काऊन रे प्रल्हाद, फ्यूज नोता गेला?"

प्रल्हादभाऊ उभे राहिले. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पकडलेल्या पोरासारखा चेहरा. "नाई माय. मीच बंद केले होते."

"अन् खोटं बोल्ला आमाले! पोरीच्या शिक्षनाचं काम होतं थे. खरं सांगतलं असतं, तर आमी नसते का बंद ठेवले? ज्यायची जयंती करून राहिलो, थे काय सांगून गेले रे आपल्याले? शिका म्हनले ना?"

मग त्या माझ्याकडे वळल्या.

"बाई, रोज किती वेळ लाईट बंद ठेवा लागते?"

"तासभर, आजी. वंदना झाल्यावर."

"जयंतीच्या दिवशी बी?"

"सलग आठवडा हवा आजी. एकही दिवस सोडता येणार नाही."

त्यांनी मागच्या रांगांकडे पाहिलं. दोन-तीन बायकांनी माना हलवल्या, एका म्हाताऱ्यानं हात वर केला, एवढंच.

"ठेवतो," वच्छलाबाई म्हणाल्या आणि खाली बसल्या.

पेढे वाटले गेले. मी शाल घेतली, कुरकुर न करता. निघताना प्रज्ञाच्या आईनं माझ्या हातात एक डबा दिला. "आता तं झाली ना परीक्षा?" मी घेतला. सगळी मंडळी दुपारीच जीपगाड्यांत बसून अकोल्याला परत निघाली, प्रज्ञाही. ती घाईत होती, पहिली मोजणी त्याच संध्याकाळी करायची होती.

माझी पुण्याची गाडी संध्याकाळची होती. अकोला जवळ आलं तेव्हा पूर्ण अंधार पडला होता. मी डबा मांडीवर घेतला, झाकण सैल केलं, रश्श्याचा वास बोगीभर पसरला. मग सहज खिडकीबाहेर पाहिलं. सगळं शहर निळं झालं होतं, रस्ते, गच्च्या, टाक्या, सगळं. गाडी स्टेशनात शिरण्याआधी सिग्नलला थांबली. समोर कॉलेजची मागची भिंत होती. आणि तिच्या अलीकडे, एवढ्या निळ्या उजेडाच्या मधोमध, एक लांबट गल्ली काळीकुट्ट होती. दारादारांत, ओट्याओट्यांवर माणसं बसलेली होती, त्यांच्या पांढऱ्या साड्या तेवढ्या अंधुक दिसत होत्या. गाडी हलेपर्यंत मी बघत होते. तिथं एकही दिवा लागला नाही.